आबांचा चाकू बँकेच्या लॉकरमध्ये आहे

आमच्या ग्रुपचे किस्से सांगायला लागलो ना, की लोक आधी हसतात, मग मध्येच गप्प होतात, आणि मग कोणीतरी क्रिकेटचा विषय काढतो. तरी मी सांगतोच. काय करणार, साठतात. मी फ्लेक्सच्या दुकानात बसून दिवसभर लोकांच्या वाढदिवसाचे आणि दशक्रियेचे बोर्ड करतो. माझ्याकडे दुसरं साठणार तरी काय?

तर ग्रुप चाकूंचा. भाजीच्या सुऱ्यांचा नाही, खिशातल्या चाकूंचा. घडीचे असतात ना, पातं मुठीत मिटणारे, आधीच्या काळी कोणाच्याही बंडीच्या खिशात हात घातला की सापडायचे, ते. दर रविवारी सकाळी जळगावला बस स्टँडच्या मागे एका चहाच्या टपरीवर आम्ही जमतो. चारच जण. मी हर्षल, वय सगळ्यात कमी आणि तोंड सगळ्यात जास्त. धुळ्याच्या सुरेखाताई, त्यांची रोपवाटिका आहे, झाडांची कलमं बांधतात, पहिल्या एस्टीने येतात. अमळनेरचे किरणभाऊ, विमा एजंट. आणि आबा.

आबांनी जन्मभर जिनिंगमध्ये कापसाची प्रत बघितली. म्हणजे गाठीचं बारदान चाकूने चिरायचं, आतला कापूस ओढायचा, चिमटीत धरून बघायचा आणि सांगायचं, हा चांगला, हा भिजलेला. तोच चाकू घेऊन रिटायर झाले. लोकांना घड्याळ मिळतं.

आम्ही करतो काय, तर प्रत्येकजण आपला चाकू टेबलावर ठेवतो. हातातून हातात द्यायचा नाही, भांडणं होतात म्हणतात. ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. आणि उचलला की लगेच 'वा वा' करायचं नाही. आधी काहीतरी कापायचं, पेरू, केळं, सुतळी, आणि मग तोंड उघडायचं. बस.

आईला हे सगळं समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "आणि मग?"

मी म्हटलं, मग चहा.

ती अजून वाट बघतेय, की यापुढे काहीतरी असेल.

*

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऑनलाइन मागवलेला चाकू घेऊन गेलो होतो. काळाकुट्ट, मुठीवर कवटी, अंगठ्याने ढकलला की खट्कन उघडायचा. नवी गाडी दारात लावावी ना, तसा मी तो टेबलावर ठेवला.

आबांनी उचलला. उलटा केला, सुलटा केला. पेरू घेतला. पातं पेरूत गेलं आणि तिथेच बसलं. पुढे जाईना, मागे येईना. आबांनी पेरू चाकूसकट उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

"याने काय कापतो तू?"

"अजून काही नाही."

"मंग खिशात काबर ठेवस?"

"असंच. भारी दिसतो."

आबा म्हणाले, "हाऊ चाकू नही रे भाऊ. हाऊ चाकूना फोटो शे."

मग त्यांनी त्यांचा ठेवला. शिसमची मूठ, हाताने घासून घासून आरशासारखी झालेली. पातं पारोळ्याच्या एका लोहाराने ट्रकच्या पाट्यातून घडवलेलं. इतकी वर्षं धार लावली की ते झिजून पार बीजेच्या चंद्राएवढं उरलेलं. मी पेरू कापला. सिरियसली सांगतो, आवाज आला नाही. पेरूचे दोन भाग आपोआप एकमेकांपासून बाजूला झाले, जणू त्यांचं आधीच ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तसा चाकू घ्यायला सगळा बाजार पालथा घातला. एका भांड्यांच्या दुकानात विचारलं, "घडीचा चाकू आहे का?" त्याने आत जाऊन बराच वेळ शोधलं आणि पिझ्झा कापायचं चाक आणून दिलं.

म्हटलं, हे घडीचं नाही.

तो म्हणाला, "पण फिरतं ना."

शेवटी सुरेखाताईंनी त्यांच्याकडचा एक दिला. अख्ख्या शहरात मिळत नाही यार. कोणाला नकोच आहे. पुड्या फाडून उघडतात, दोऱ्या दाताने तोडतात, आणि केळ्याला तर देवानेच चेन लावून दिलीय.

*

पुढचा किस्सा पूर्ण माझ्यामुळे झाला. एका रविवारी मी चारही चाकू ओळीत मांडून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. वर लिहिलं, 'रविवारची गँग'. मला वाटलं गोड आहे.

मंगळवारी पोलीस ठाण्यातून फोन. आजकाल पोरं कोयते घेऊन फोटो टाकतात ना, त्यात आमचं स्टेटस कोणीतरी पाठवलेलं. आई देवासमोर बसली ती उठेना. मी ग्रुपवर मेसेज टाकला आणि गेलो.

हवालदार म्हणाले, "गँग कुठे आहे?"

मी मागे बोट दाखवलं. दारात सुरेखाताई, काखेत डबा. किरणभाऊ, हातात पॉलिसीची फाइल. आणि मधे टोपी घातलेले आबा.

हवालदारांनी आबांना खुर्ची दिली. "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेतला? नातू आहे का तुमचा?"

"नही," आबा म्हणाले. "मी म्होरक्या शे."

हवालदार इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण मला संध्याकाळपर्यंत बसवलंच. स्टेटस डिलीट करून घेतलं, माफी लिहून घेतली. तेवढ्या वेळात किरणभाऊंनी दोन शिपायांना मुलींच्या शिक्षणाचा प्लॅन समजावून सांगितला.

मला वाटलं, संपलं. पण त्याच आठवड्यात भुसावळचं स्थळ आलेलं होतं आणि त्यांनी ते स्टेटस आधीच बघितलेलं. बघायच्या कार्यक्रमात मुलगी काही बोलली नाही, तिचे वडील बोलले नाहीत. फक्त मामाने पोहे खाता खाता विचारलं, "गँग मोठी आहे का?"

नंतर त्यांचा फोन आला नाही. आम्हीही केला नाही.

*

सुरेखाताईंचा किस्सा धुळ्यातला. त्यांच्या भाच्याने आइसक्रीमचं दुकान काढलं. उद्घाटनाला एक स्थानिक दादा. बोर्ड अर्थात मी केलेला, दादा हात जोडून हसतायत, खाली 'यांच्या शुभहस्ते'.

दादा आले. ताटात कात्री, तिला मोगऱ्याचा गजरा बांधलेला. दादांनी रिबन धरली, कात्री चालवली. रिबन दुमडली. परत चालवली. परत दुमडली. फोटोग्राफर म्हणतोय, "दादा, इकडे बघा." दादा हसतायत आणि रिबन चावल्यासारखी करतायत. नवीकोरी कात्री हो! गजऱ्यासाठी घेतलेली, कापण्यासाठी नाही.

सुरेखाताईंना बोथट हत्यार बघवत नाही. त्या गर्दीतून पुढे झाल्या, पर्स उघडली, आणि चाकू उघडून दादांच्या दिशेने नेला.

पुढचं तुम्हीच समजा. दादांच्या दोन पोरांनी झडप घातली. एकाने डावा हात धरला, एकाने उजवा. त्या झटापटीत चाकूचं टोक रिबनला नुसतं टेकलं आणि रिबन खाली पडली. बँडवाल्याला वाटलं झालं, त्याने वाजवायला सुरुवात केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे उद्घाटन सुरेखाताईंच्याच शुभहस्ते झालं, दोन्ही हात दोन माणसांनी धरलेले असताना.

दुकान पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकलं नाही. धुळ्याच्या उन्हाळ्यात आइसक्रीमचं दुकान बंद पडतं, म्हणजे विचार करा. भाचा अजून म्हणतो की दादांनी कापली असती तर चाललं असतं. बोर्ड सुरेखाताईंनी रोपवाटिकेत सावलीला बांधलाय. वर दादा हात जोडून हसतायत, खाली मिरचीची रोपं.

*

आता किरणभाऊ. हा माणूस धार लावण्यासाठी जन्मलाय आणि पोटासाठी विमा विकतो. घरी चार प्रकारचे दगड. धार लागली की नाही हे बघायला हातावरचे केस काढून बघायचे, त्यामुळे डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत बाळाच्या हातासारखा गुळगुळीत. एकदा एका गिऱ्हाइकाने पॉलिसीवर सही करता करता तो हात बघितला आणि विचारलं, "तुम्हाला काही आजार आहे का? मग तुम्हीच का नाही काढत पॉलिसी?"

पण किरणभाऊंचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना आबांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की धार जमली. एवढंच. दर रविवारी ते चाकू ठेवायचे, आबा उचलायचे, डाव्या अंगठ्यावर पातं आडवं फिरवून बघायचे, पेरू कापायचे, पेरू खायचे, आणि म्हणायचे, "पेरू गोड शे."

किरणभाऊ घरी जाऊन परत दगडावर बसायचे.

एकदा त्यांच्या बायकोने मला फोन केला. "हर्षल भाऊ, तुमच्या आबांना सांगा ना, खोटं तर खोटं, पण एकदा चांगलं म्हणा. आमच्याकडे रोज रात्री जेवताना भिंत घासल्यासारखा आवाज येतो."

मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "बोलनू ते तो थांबी जाई." बोललो तर थांबेल म्हणे.

*

आबांचा हात थरथरायला लागला हे आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं. म्हणजे दिसत होतं, पण बघत कोण होतं? आम्ही चाकू बघत होतो. आबा अर्धाच चहा घ्यायला लागले, आम्हाला वाटलं साखर असेल. पेरूच्या फोडी जाड व्हायला लागल्या, आम्हाला वाटलं पेरू कच्चा असेल. मग ते स्वतःचा चाकू टेबलावर ठेवायचे बंद झाले. "ऱ्हाऊ दे, तुमना देखूत," म्हणायचे. उजवा हात कायम खिशात.

एका रविवारी आबा उठून गेले आणि चाकू बाकावर राहिला. खिशातून पडला असणार. किरणभाऊंनी उचलला, मिटलेला उघडला आणि अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं कापलं.

"धार नाही," ते म्हणाले.

"कमी झाली असेल."

"कमी नाही रे. नाहीच आहे. कडेला हात लावून बघ, चमच्यासारखी गोल आहे."

आबांच्या चाकूला धार नाही! किरणभाऊंचं म्हणणं पडलं की आबांना आता दिसत नाही, दगडावर चुकीच्या कोनात घासत असणार आणि बोलायला लाजत असणार. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, "मी लावतो. त्यांना सांगायचंसुद्धा नाही."

तो आठवडा किरणभाऊंनी एकही पॉलिसी विकली नाही. पुढच्या रविवारी चाकू आणला. मी केस धरून बघितला, केस तुटला. सुरेखाताई म्हणाल्या, "भाऊ, ही तुमची सगळ्यात चांगली धार." आबा आले. किरणभाऊंनी चाकू टेबलावर ठेवला, "आबा, तुमचा इथे राहिला होता." आबांनी उचलला आणि उघडून न बघता खिशात टाकला. किरणभाऊ दिवसभर एकटेच हसत होते, की घरी गेल्यावर कळेल.

सोमवारी सकाळी आबांनी घरी नेहमीसारखा पेरू डाव्या हातात धरला आणि बोथट चाकू जसा जोर लावून दाबावा लागतो, तसा दाबला.

दवाखान्यात आबांचा मुलगा भेटला, विलासभाऊ. शाळेत क्लार्क आहेत, शांत माणूस. म्हणाले, टाके घातलेत, अंगठा वाचला. पण वरच्या पेराची नस तुटलीय. तिथे आता गरम-गार, टोचलेलं, काही कळणार नाही. पुढे येईल संवेदना, नाहीतर नाही येणार.

मग म्हणाले, "मी आणि आबांनी ठरवलेलं होतं. हात थरथरतो म्हणून मी चाकू काढून घेणार होतो. ते म्हणाले, धार मारून टाकतो, पण खिशात राहू दे. माझ्यासमोर धुण्याच्या दगडावर घासून स्वतः धार मारली त्यांनी. तेव्हा त्यांचं तोंड बघवत नव्हतं. आणि आता बघा. गुपचूप परत लावली."

किरणभाऊ भिंतीला टेकून उभे होते.

विलासभाऊ म्हणाले, "विचारलं तर सरळ सांगतात, हो, मीच लावली."

*

पंधरवड्याने आम्ही तिघं आबांच्या घरी गेलो. किरणभाऊंनी रस्त्यात सगळं पाठ केलेलं. पण घरात शिरल्या शिरल्या विलासभाऊंच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, फळं आणली. सफरचंद, पेरू, सगळं सोलून, एकसारख्या फोडी करून, प्रत्येक फोडीला दातकोरणी टोचलेली. आबांसमोर बशी ठेवली. आबांनी थरथरत्या हाताने दातकोरणी उचलली. फोड मांडीवर पडली. वहिनींनी पटकन दुसरी दिली.

किरणभाऊ सगळं पाठ केलेलं विसरले. नुसतं म्हणाले, "धार मी लावली होती. आबांना माहीतसुद्धा नव्हतं."

विलासभाऊंनी आबांकडे बघितलं. आबा खिडकीबाहेर बघत होते.

"बरं झालं सांगितलं," विलासभाऊ म्हणाले. "मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही." मग म्हणाले, "पण चाकू नाही देणार. राग नाही किरणभाऊ, तुमच्यावर नाही, कोणावर नाही. उद्या मनगट कापलं तर मी काय करू, ते सांगा."

त्यांचं बरोबरच होतं. हेच तर वाईट आहे ना, की कोणाचंच चुकलेलं नाही.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ठेवलाय कुठे पण?"

"बँकेत. लॉकरमध्ये. घरात ठेवला तर शोधतील."

वहिनी म्हणाल्या, "माझ्या पाटल्यांच्या डब्यात आहे."

सुरेखाताई हसायला लागल्या, आणि मग पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

निघताना मी आबांच्या पाया पडलो. आबा म्हणाले, "भाऊ, लॉकरमा हवा लागस का रे? लोखंड शे ते." मला काय माहीत लॉकरमध्ये हवा असते की नाही? मी म्हटलं, हो आबा, लागते.

त्या दिवसापासून किरणभाऊंनी दगडाला हात लावला नाही. डाव्या हातावर केस परत आले. पॉलिसी धडाधड विकायला लागले. बायको खूश आहे.

*

मग माझ्या डोक्यात आयडिया आली. माझ्या आयडियांचं काय होतं ते तुम्ही बघितलंच आहे.

म्हटलं, पारोळ्याला जाऊ, त्याच लोहाराकडून हुबेहूब तसाच चाकू करून घेऊ, पण आधीपासूनच बिनधारेचा. विलासभाऊ पण तयार झाले. मी आणि सुरेखाताई गेलो. आबांचा चाकू घडवणारे वारले होते. मुलगा खिडक्यांचे ग्रिल करतो. वडिलांचा हातोडा होता त्याच्याकडे, पण दार वाऱ्याने लागू नये म्हणून लावलेला.

म्हणाला, "करून देतो. किती दिवसांनी कोणी विचारलं. धार कशी पाहिजे, भाजीची की दोरीची?"

"धार नको," मी म्हटलं.

"म्हणजे नंतर लावणार?"

"नाही. कधीच नको."

त्याने सुरेखाताईंकडे बघितलं, की हा पोरगा ठीक आहे ना. "ताई, मग पट्टीच घेऊन जा की. चाकू कशाला म्हणायचं तिला?"

तरी केला त्याने. छान केला. शिसमची मूठ, तसाच बाक, तसंच वजन. रविवारी विलासभाऊ आबांना टपरीवर घेऊन आले. कितीतरी दिवसांनी आबा आमच्यात बसले होते. मी चाकू ठेवला. आबांनी उचलला. मूठ दाबली, पातं उघडलं, उजेडात धरून कडेवरून नजर फिरवली, एकदाच. मिटला. परत टेबलावर ठेवला, जरा लांबच.

"हाऊ कोना शे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुमचा, आबा."

"नही," आबा म्हणाले. "मना नही. कोनातरी ऱ्हायी गया व्हई, ज्याना शे त्याले दी द्या." कोणाचा तरी राहिला असेल, त्याचा त्याला द्या म्हणे.

तो चाकू अजून टपरीवरच आहे. चहावाला त्याने आलं ठेचतो.

*

मागचा रविवार. आम्ही तिघंच होतो. चाकू टेबलावर ठेवायचं आपोआप बंद झालंय, नुसता चहा पितो आणि मोबाइल बघतो. विलासभाऊंची गाडी येऊन थांबली. ते एकटेच उतरले, हातात बाजाराची पिशवी. टेबलावर ठेवली तर आतून खणखण वाजली.

सुऱ्या. घरातल्या सगळ्या. कात्री. विळीचं पातंसुद्धा, पाटावरून काढून आणलेलं.

"यांना धार पाहिजे," विलासभाऊ म्हणाले.

सुरेखाताईंनी एक उचलली. "भाऊ, ही नुसती बोथट नाही. ही मारून टाकलीय."

"सगळ्याच. आबांनी. दुपारी आम्ही कामावर असताना दगडावर घासतात. बाजारातून धार लावून आणली, दुसऱ्या दिवशी परत तेच. घरात कोथिंबीर चिरता येत नाही. बायको टोमॅटो हाताने फोडते."

मला हसू आलं आणि मी एकटाच हसतोय हे लक्षात आलं.

"विचारलं नाही का त्यांना?" सुरेखाताई म्हणाल्या.

"विचारलं. म्हणतात, काळजीच करनी शे ना, मंग बठ्ठासनी करूत. सगळ्यांचीच करू म्हणे."

"मग आज लावून दिली तर उद्या परत मारतील."

"नाही मारणार," विलासभाऊ किरणभाऊंकडे बघून म्हणाले. "किरणने लावली तर हात लावणार नाही म्हणालेत."

किरणभाऊ म्हणाले, "मी सोडलंय ते."

"मी पण हेच सांगितलं त्यांना. ऐकत नाहीत. बसलेत गाडीत."

आम्ही बघितलं. गाडीत मागच्या सीटवर टोपी दिसत होती. आबा सरळ समोर बघत होते, आमच्याकडे नाही.

सुरेखाताईंनी पर्समधून त्यांचा कलमाच्या चाकूचा छोटा दगड काढला आणि टेबलावर ठेवला. किरणभाऊ त्या दगडाकडे बघत बसले. चहा गार झाला. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, पाण्याचा ग्लास ओढला आणि भाजीची सुरी घेतली.

बराच वेळ फक्त तो आवाज. टपरीवरची माणसं पण हळू बोलायला लागली. मधे कधीतरी गाडीचं दार वाजलं. आबा उतरले, विलासभाऊंचा हात बाजूला केला, आणि येऊन त्यांच्या जागेवर बसले. डाव्या अंगठ्यावर टाक्यांची पांढरी रेघ.

किरणभाऊंनी सुरी पुसली. हातावरचे केस काढून बघितले. सगळे निघून आले, एकाच फटक्यात. त्यांनी सुरी टेबलावर ठेवली.

आबांनी उजव्या हाताने उचलली. हात इतका थरथरत होता की सुरीचं टोक ग्लासवर टकटक वाजत होतं. विलासभाऊ पुढे झाले आणि थांबले. आबांनी सुरी डाव्या अंगठ्याजवळ आणली आणि नेहमीसारखं पातं आडवं फिरवलं.

अंगठ्यावर एक बारीक लाल रेघ उमटली. मग ती जाड झाली, आणि एक थेंब टेबलावर पडला.

आबा अंगठ्याकडे बघत नव्हते. किरणभाऊंकडे बघत होते.

"हाई बोथट शे," आबा म्हणाले. "परत लाव."

विलासभाऊंनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून उभे राहिले.

"हो आबा," किरणभाऊ म्हणाले, आणि दगडावर पाणी टाकलं.